अर्ध्यावर तुटणारी यादी

मतदारयादी हा लोकशाहीचा पाया आहे, असे निवडणुकीच्या मोसमात सर्वच व्यासपीठांवरून सांगितले जाते. हा पाया सामान्य कार्यकर्त्याच्या हाती प्रत्यक्षात कसा पडतो, याची चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाही. मान्यताप्राप्त पक्षांना यादीची प्रत आयोगाकडून विनामूल्य मिळते. ज्यांना ती मान्यता नाही असे छोटे पक्ष, अपक्ष उमेदवार, कामगार संघटना, वस्तीतील नागरिक समित्या यांना संगणकापुढे बसून ती आयोगाच्या किंवा महानगरपालिकेच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावी लागते.

डोंबिवलीत, दिव्यात किंवा कळव्यात दिवसाची नोकरी आणि लोकलचा प्रवास उरकून रात्री दहाला हे काम करायला बसणारा कार्यकर्ता डोळ्यांसमोर आणावा. मतदारसंघ निवडायचा, भाग निवडायचे, चित्रातील वेडीवाकडी अक्षरे ओळखून लिहायची, आणि मग फाइल उतरू लागते. साठ टक्के होते, सत्तर टक्के होते, आणि जोडणी तुटते. पुन्हा पहिल्यापासून तीच अक्षरे, तोच भाग, तीच प्रतीक्षा. हरकती नोंदवण्यासाठी मोजके दिवस दिलेले असतात. त्यांतील दोन रात्री अशा गेल्या की कार्यकर्ता हात टेकतो. यादीतून गळालेली चाळ, एकाच खोलीत दाखवलेली पन्नास नावे, मृतांची न वगळलेली नावे हे सर्व न तपासता तसेच राहते.

कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या १२२ आणि ठाणे महानगरपालिकेच्या १३१ जागांच्या निवडणुकीचे मतदान १५ जानेवारी २०२६ रोजी झाले. त्यापूर्वी कल्याण-डोंबिवलीत नोव्हेंबर २०२० पासून आणि ठाण्यात मार्च २०२२ पासून लोकांनी निवडलेले सभागृहच नव्हते. कारभार प्रशासकाच्या हाती होता. इतक्या वर्षांनी मिळालेला मताचा अधिकार ज्या कागदावर अवलंबून, तो कागद अर्ध्यावर तुटत असेल, तर ती किरकोळ तांत्रिक कटकट म्हणून सोडून देता येणार नाही.

दोष ग्राहकाच्या माथी

जोडणी तुटल्याची तक्रार केली की कंपनीच्या मदत केंद्रातून ठरीव उत्तर येते : राऊटर बंद करून पुन्हा चालू करा, संगणक बंद करून पुन्हा चालू करा, दुसऱ्या उपकरणावर पाहा. हे करून दूरध्वनी ठेवला की तक्रार निकालात निघाल्याचा संदेश येतो. या उत्तरात एक गृहीतक दडलेले आहे. दोष नेहमी ग्राहकाच्या घरात असतो, आणि तो शोधण्याचे श्रमही ग्राहकानेच करायचे असतात. गिरणीतील माग बंद पडला की विणकराचा हातच वाईट, असे म्हणणाऱ्या जॉबरची ही नवी आवृत्ती आहे.

दोष घरात कधीच नसतो, असे अर्थातच नाही. भिंतीआड ठेवलेला राऊटर, आणि एका मजल्यावर दहा घरांचे दहा वायफाय एकमेकांवर आदळत असणे, ही कारणे खरी आहेत. जुन्या पद्धतीच्या वायफायला, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याला, एकमेकांत न मिसळणारे मार्ग फक्त तीन आहेत. दाट वस्तीत त्या तीन मार्गांवर शेकडो घरांची गर्दी होते. परंतु याची शहानिशा पाच मिनिटांत होऊ शकते. राऊटरपासून संगणकापर्यंत थेट वायर जोडावी आणि तीच फाइल पुन्हा उतरवावी. वायर जोडूनही जोडणी तुटली, तर घरातील वायफाय निर्दोष सुटते आणि आरोपी त्याच्या पलीकडे शोधावा लागतो. ही साधी कसोटी मदत केंद्र क्वचितच सुचवते. तिचे उत्तर कंपनीला गैरसोयीचे ठरण्याचा संभव असतो, हेच त्याचे कारण असावे.

सरासरीचा पडदा

कंपन्यांचा आवडता युक्तिवाद असा की, नेट तर चालू असते. लोक चित्रपट पाहतात, संदेश पाठवतात, तेव्हा कोणाची तक्रार नसते. हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो म्हणूनच त्याचा हिशेब मांडला पाहिजे.

एखादी सेवा ९९ टक्के वेळ चालू आहे, असे मानू. महिन्याची ४३,२०० मिनिटे. त्यांतील एक टक्का म्हणजे ४३२ मिनिटे. ही मिनिटे एकेक करून विखुरली, तर दर शंभर मिनिटांना एकदा जोडणी तुटते. संदेश दोन सेकंदांत जातो, त्याला हे कळतही नाही. चित्रपट दाखवणारी यंत्रणा पुढचा थोडा भाग आधीच साठवून ठेवते, म्हणून मिनिटभराचा खंड बहुधा झाकला जातो. आता यादीकडे पाहावे. चार सदस्यांच्या प्रभागात चाळीस हजार मतदार आणि पानावर तीस नोंदी धरल्या, तर यादी तेराशेहून अधिक पानांची होते. पाने चित्ररूपात असतील आणि पानामागे दोनशे किलोबाइट धरले, तर फाइल सुमारे २६६ मेगाबाइटची. सरकारने जानेवारी २०२३ मध्ये ‘ब्रॉडबँड’ या शब्दाची किमान मर्यादा सेकंदाला २ मेगाबिट ठरवली. त्या वेगाने ही फाइल अठरा मिनिटांत उतरेल. परंतु रात्री दहा वाजता, सारी इमारत एकाच वाहिनीवर बसलेली असताना, तो वेग चौथाईवर आला तर तिला सत्तर मिनिटांच्या आसपास लागतात. दर शंभर मिनिटांना एक खंड पडणाऱ्या जोडणीवर असे दहापैकी सात प्रयत्न अर्ध्यावर मोडतील. अहवालात मात्र ९९ टक्के असा चोख आकडा लिहिलेला राहील.

छोट्या कामाला जी जोडणी धडधाकट वाटते, ती मोठ्या कामात मोडते याचे इंगित हे आहे. लांब पल्ल्याच्या फाइलला वाटेतील प्रत्येक खड्डा भेटतो. आणि नियमांचा रोख या खड्ड्यांकडे नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २ ऑगस्ट २०२४ रोजी सेवेच्या गुणवत्तेचे नवे विनियम काढले. त्यांत जिल्हा पातळीवर सेवा चोवीस तासांहून अधिक काळ ठप्प झाल्यास ग्राहकाला भरपाईची तरतूद झाली, हे स्वागतार्हच आहे. परंतु महिन्यात ४३२ वेळा मिनिटभर तुटणारी जोडणी या मापात बसत नाही. तिची भरपाई शून्य. संपूर्ण बंद पडलेले यंत्र नियमाला दिसते. रोज थोडे थोडे फसवणारे यंत्र दिसत नाही.

तुटते नेमके कोठे?

घरापासून सरकारी संगणकापर्यंतची वाट अनेक हातांतून जाते. या वाटेवर प्रत्येकाच्या अखत्यारीतील टप्पा वेगळा आहे. जबाबदारी दुसऱ्यावर ढकलण्याची सोयही तेवढ्यामुळेच होते.

पहिला टप्पा जिन्याखालचा. स्थानिक केबलवाल्याची पेटी तेथे असते आणि ती इमारतीच्या विजेवर चालते. वीज गेली की घरातील राऊटर इन्व्हर्टरवर जिवंत राहतो, पेटी मरते. दुसरा टप्पा रस्त्यावरचा. पथदिव्यांच्या खांबांवरून आणि गच्च्यांवरून लोंबणाऱ्या तारा, आणि जमिनीखाली गेलेल्या तारांवर सतत चाललेली खोदाई. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोची पायाभरणी डिसेंबर २०१८ मध्ये कल्याणात झाली. मेट्रो, काँक्रीटचे रस्ते, जलवाहिन्या, गटारे यांच्यासाठी या पट्ट्यात जमीन उकरली गेली, आणि एका खात्याच्या फावड्याला दुसऱ्या खात्याच्या तारेची खबर नसणे हा शिरस्ता होऊन बसला. असमन्वित खोदाईमुळे देशाचे दरवर्षी सुमारे तीन हजार कोटी रुपयांचे नुकसान होते, असे केंद्र सरकारनेच ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप मार्च २०२३ मध्ये सुरू करताना सांगितले. ॲप आले, ते न वापरता खोदणाऱ्या कंत्राटदाराला जाब विचारणारे हात मात्र ठिकठिकाणी हवे आहेत.

तिसरा टप्पा कंपनीच्या गर्दीचा. एक वाहिनी अनेक ग्राहकांत वाटली जाते. घरगुती ग्राहकांसाठी पन्नासास एक, एवढी वाटणी नियामकाच्याच २००९ च्या मार्गदर्शक सूचनांनी मान्य केली होती. शिवाय एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांना मिळून दिला जातो. संगणकीय जोडणीची ओळख दोन टोकांच्या पत्त्यांवर आणि दारक्रमांकांवर ठरते. मध्येच पत्ता बदलला की पलीकडील संगणकाच्या लेखी जुना ग्राहक नाहीसाच होतो आणि उतरत असलेली फाइल अनाथ होते. घरातील दिवा हिरवाच असतो, ग्राहकाला काही कळत नाही.

यांखेरीज एक जुनी वाट होती : तांब्याची सरकारी तार. ठाणे शहर महानगर टेलिफोन निगमकडे आणि कल्याण-डोंबिवली भारत संचार निगमकडे, अशी या पट्ट्याची विभागणी होती. तांब्याच्या सांध्यांत पावसाचे पाणी शिरते. ते काढायला माणूस लागतो. २०१९ च्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत भारत संचार निगमचे सुमारे ७८ हजार आणि महानगर निगमचे सुमारे १४ हजार कर्मचारी ३१ जानेवारी २०२० रोजी एका दिवसात घरी गेले. पुढे दोनच महिन्यांत टाळेबंदी आली आणि शाळा, कचेऱ्या, बँका सारे तारेवर येऊन बसले. तार सांधणारे अनुभवी हात नेमके त्याच वेळी निवृत्त झालेले होते. सार्वजनिक उद्योग आधी माणसांवाचून पांगळा करायचा आणि मग तो धावत नाही म्हणून खाजगी कंपन्यांचे पोवाडे गायचे, या धोरणाचे फळ प्रत्येक पावसाळ्यात चाखायला मिळत आले आहे.

शेवटचा टप्पा सरकारी संगणकाचा. त्याचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो.

यादी जड कोणी केली?

मतदारयादी मुळात अक्षरांची असते. नाव, वय, घर क्रमांक अशा अक्षरांच्या रूपात तेराशे पाने काही थोड्या मेगाबाइटांत मावतात. पूर्वी आयोगाच्या याद्यांत नाव शोधताही येत असे. २०१८ च्या आरंभी आयोगाने मजकुराऐवजी पानांची चित्रे प्रसिद्ध करण्याचे धोरण स्वीकारले. माहितीचा कोणी गैरवापर करू नये, हे कारण दिले गेले. त्याविरुद्धची याचिका ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. ज्याला शोधण्याजोगी यादी हवी असेल त्याने ती स्वतःच्या श्रमाने तशी करून घ्यावी, असा न्यायालयाचा अभिप्राय होता.

खाजगीपणाची चिंता खोटी नाही. लाखो नागरिकांची नावे-पत्ते यंत्राने ओरबाडता येऊ नयेत, ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु या उपायाने ओरबाडणारा अडला का? ज्यांच्याकडे पैसा आहे, भाडोत्री संगणकतज्ज्ञ आहेत, ते चित्रांतून अक्षरे काढणारी यंत्रणा लावून एका रात्रीत काम उरकतात. अडतो तो दोन खोल्यांत बसून तेराशे चित्रे उतरवणारा कार्यकर्ता. अडतो तो अंध नागरिक. त्याचे वाचक यंत्र चित्र वाचू शकत नाही. कुलूप असे लावले आहे की दरोडेखोर आत जातो आणि घरमालक ओसरीवर बसून राहतो.

यावर कडी म्हणजे, तुटलेली फाइल जेथे तुटली तेथून पुढे चालू करण्याची सोय संगणकशास्त्राने कधीच करून ठेवली आहे. वेबच्या मूळ नियमावलीच्या १९९७ सालच्या आवृत्तीतच फाइलचा हवा तेवढाच तुकडा मागण्याची तरतूद आहे. ‘डब्ल्यूगेट’ आणि ‘कर्ल’ ही त्यासाठीची साधने १९९० च्या दशकातच स्वयंसेवी वृत्तीच्या लोकांनी लिहून जगाला मोफत दिली. त्यासाठी पलीकडील संगणकाने दोन गोष्टी कराव्या लागतात : फाइलला कायमचा पत्ता द्यायचा आणि तुकड्यांची मागणी स्वीकारायची. प्रत्येक वेळी नवे सत्र, नवे कोडे आणि काही मिनिटांत मरणारा दुवा असेल, तर सत्तर टक्के उतरलेली फाइल केराच्या टोपलीत जाते. कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेची संगणकीय कारभारव्यवस्था एके काळी राज्याला नमुना म्हणून दाखवली गेली होती. त्या शहरातील मतदाराला स्वतःची यादी एका दमात उतरवता येऊ नये, हे संगणकीकरणाच्या गौरवगाथेचे केवढे विदारक भाष्य!

‘हे रडगाणे जुने झाले’

आता घरोघर फायबर आले, फाइव्ह-जी आले, तेव्हा हे रडगाणे जुने झाले, असे काही सुखवस्तू मंडळी म्हणतील. घोडबंदर रस्त्यावरील मनोऱ्यात राहणाऱ्याला दोन कंपन्यांच्या दोन तारा घेता येतात. एक तुटली तर दुसरी असते. दिवा-मुंब्र्याच्या दाट वस्तीत किंवा टिटवाळ्याकडच्या चाळीत एकच केबलवाला असला, की तो म्हणेल तो वेग आणि तो येईल ती वेळ. स्पर्धा नावाची देवता जेथे पैसा आहे तेथेच प्रसन्न होते. केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये इंटरनेटचा वापर हा शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या अधिकाराचा भाग मानला. त्या राज्याने स्वतःचे सार्वजनिक फायबर जाळे उभारून जून २०२३ मध्ये त्याचे उद्घाटन केले आणि वीस लाख गरीब कुटुंबांना मोफत जोडणी देण्याचे उद्दिष्ट ठेवले. ते पुरे व्हायला वेळ लागेल, अडचणीही येतील. परंतु तार ही पाण्याच्या नळासारखी सार्वजनिक गरज आहे, ही भूमिका एका राज्याने घेतली. औद्योगिक महाराष्ट्राने ती का घेऊ नये?

कार्यकर्त्यांचे काम

केवळ संतापाने तार सांधली जात नाही. दोष कोणत्या टप्प्यावर आहे, याचा पुरावा हाती असल्याखेरीज कोणीही तो मान्य करणार नाही. आणि हा पुरावा गोळा करणे सामान्य कार्यकर्त्याच्या आवाक्यात आहे.

पहिली गोष्ट म्हणजे वही. जोडणी तुटल्याची तारीख, वेळ आणि किती वेळाने परतली, एवढेच पंधरा दिवस लिहावे. दुसरी गोष्ट, तुटताच फायबरच्या पेटीवरील दिव्याकडे पाहावे. लाल दिवा पेटला असेल तर बाहेरून येणारा प्रकाशच थांबला आहे, दोष तारेचा. तिसरी गोष्ट, संगणकावरील ‘पिंग’ या आज्ञेने आधी घरातील राऊटरला आणि मग बाहेरील एखाद्या पत्त्याला हाक मारीत राहावे. राऊटर ओ देतो आणि बाहेरचा देत नाही, तर दोष कंपनीच्या वाटेवर. चौथी गोष्ट, त्याच वेळी दुसऱ्या ठिकाणची तेवढीच मोठी फाइल उतरवून पाहावी. ती सुखरूप उतरली आणि सरकारी फाइल वारंवार मोडली, तर संशय सरकारी संगणकावर. पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, शेजाऱ्यांच्या वह्या एकत्र कराव्यात. एका घराची नोंद ही तक्रार असते. एकाच वेळी तुटलेल्या वीस घरांची नोंद हा पुरावा होतो. मदत केंद्राचे ‘तुमच्याच राऊटरचा दोष’ हे उत्तर वीस घरांपुढे टिकत नाही.

पुढची पायरी तक्रारीची. २०१२ च्या विनियमांनुसार प्रत्येक तक्रारीला क्रमांक मिळालाच पाहिजे आणि समाधान न झाल्यास कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येते. नियामक प्राधिकरण एकेका ग्राहकाची तक्रार ऐकत नाही. परंतु दूरसंचार कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगाकडे जाता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. वीस घरांच्या वह्या घेऊन ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगापुढे उभे राहणे, हे एखाद्या मोर्चाइतकेच मोलाचे राजकीय काम आहे.

याबरोबर काही मागण्या लावून धराव्या लागतील. मतदारयादीची प्रत्येक फाइल कायमच्या पत्त्यावर, तुटली तेथून पुढे घेता येईल अशा रीतीने आणि छोट्या तुकड्यांत उपलब्ध झाली पाहिजे. ज्या काळात हरकती मागवल्या जातात, त्या काळात प्रत्येक प्रभाग कार्यालयात ती पेन ड्राइव्हवर विनामूल्य भरून मिळाली पाहिजे. जोडणी किती वेळा तुटली याची मोजणी वस्तीवार प्रसिद्ध झाली पाहिजे आणि तुटण्याच्या संख्येवर भरपाई ठरली पाहिजे. खोदाईत तार तोडणाऱ्या कंत्राटदाराच्या देयकातून दुरुस्तीचा खर्च वळता झाला पाहिजे. आणि सार्वजनिक दूरसंचार उद्योगात तार सांधणाऱ्या माणसांची कायमस्वरूपी भरती झाली पाहिजे.

यांतील एकही मागणी अवाजवी नाही. कशासाठीही नवा शोध लागायचा राहिलेला नाही. फाइल पुढे चालू करण्याची विद्या १९९७ पासून उपलब्ध आहे. सत्तर टक्क्यांवर तुटलेली यादी पुन्हा शून्यावर आणणारी व्यवस्था कोणीतरी तशी बांधलेली आहे, आणि ज्यांनी बांधली त्यांना ती बदलणे भाग पाडता येते. तूर्त कार्यकर्त्याने आजच्या रात्री वही उघडावी आणि पहिली वेळ लिहावी.